पडलेला माणूस उठेपर्यंत

धनुर्वातातून वाचलेला माणूस बघायला लोक येतात. नखशिखान्त बघतात, चहा घेतात आणि निघताना हमखास विचारतात, "फार दुखत होतं का हो?" मी हो म्हणतो. तेवढ्याचसाठी आलेल्यांना तेवढं पुरतं. पण मधूनच एखादा असा येतो, ज्याच्या घरचं कुणीतरी आत्ता दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत पडलेलं असतं. तो चहा घेत नाही. दारातच उभा राहून विचारतो, "घरी आणल्यावर काय करायचं?" हे त्याच्यासाठी लिहितो आहे. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील. मला सांगायचं आहे ते घरी आणल्यानंतरचं आहे आणि त्यातली चूक माझी आहे.

आमची गाडी

मध्यभारत राज्य होतं तेव्हा मी सरकारच्या प्रचार खात्यात प्रोजेक्टर चालवायचो. उज्जैनच्या आसपासच्या गावांत आमची गाडी जायची. गाडी चालवायचे हाफिजभाई, पडदा बांधायचे हाफिजभाई आणि जनरेटर रुसला की त्याला शिव्या घालायचे तेही हाफिजभाईच. माझ्याकडे फक्त यंत्र आणि रिळं. दाखवायचं काय, तर हिवताप, देवीची लस, विहिरीतलं औषध. पण मच्छराचं चित्र बघायला कोण बसतंय? म्हणून खात्यानं कुठूनतरी जुने परदेशी विनोदी मूकपट मिळवले होते, दहा-वीस मिनिटांचे. आधी ते लावायचे. गाव गोळा झालं की मच्छर.

त्या चित्रांत असायचं काय? एक माणूस खांद्यावर लांब शिडी घेऊन वळतो, शिडी मागच्याला लागते आणि तो चुन्याच्या बादलीत बसतो. बादली अडकलेल्या अवस्थेत तो जाऊन हवालदारावर आदळतो. हवालदार चिडतो, धावतो, घसरतो. बोलणं नाही, गाणं नाही. शिकलेल्या लोकांना हे सगळं पोरकट वाटतं. पहिला आठवडा मलाही वाटलं. पण तीच चार रिळं मी तीन वर्षं चालवली आणि माझं मत फिरलं. ज्या गावानं साहेबी टोपी कधी पाहिली नव्हती, त्या गावालाही सगळं कळायचं. ताठ चालणारा पडतो, आणि ज्याला सगळे ढकलतात तो शेवटी उभा राहतो. गावच्या पटेलापासून त्याच्या गड्यापर्यंत सगळे एकाच क्षणाला हसायचे. इतकं एकत्र मी माणसांना देवळातही पाहिलेलं नाही.

माझी समजूत होती की लोक पडण्याला हसतात. ती एका गावात मोडली. चित्रातला माणूस कौलांवरून खाली आला, जमिनीवर सपशेल पालथा पडला आणि नेमकी त्याच वेळी फिल्म अडकली. हात पसरून पडलेला माणूस पडद्यावर तसाच राहिला. मी दिवा बंद करेपर्यंत पाच-सहा सेकंद गेले असतील. त्या अंधारात तीन-चारशे माणसं बसली होती आणि एकही हसलं नाही. मग पुढून एका म्हातारीचा आवाज आला, "मरी ग्यो कंई?" म्हणजे, मेला की काय? मी घाईघाईनं फिल्म सरळ केली, तो माणूस उठला, कपडे झटकून चालायला लागला, तेव्हा कुठे गाव हसलं. हसण्यापेक्षा तो सुटकेचा श्वास होता म्हणा. पडलेला उठणार याची खात्री असते म्हणूनच आपण पडण्याला हसतो, हे मला त्या म्हातारीनं शिकवलं.

निदान

राज्यांची फेररचना जाहीर झाली. मध्यभारत जाणार, मध्य प्रदेश येणार, म्हणून आमचं कार्यालय भोपाळला हलवायचं ठरलं. जी मंडळी पहिल्या तुकडीत जाणार होती त्यांच्यासाठी कार्यालयाच्या अंगणात निरोपाचा कार्यक्रम ठेवला, दुपारचा, घरच्या माणसांसकट. माझी बायको कमल आणि आठ वर्षांची मुलगी सुमी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. माझा एक ठरलेला आयटम असे, त्या मूकपटांवरून बसवलेला. मी शिडी घेऊन येतो, वळतो, तोल जातो, उताणा पडतो. हाफिजभाई रिळाच्या रिकाम्या डब्यावर चार ठोके देतात. चौथ्याला मी टुणकन उठतो, सलाम ठोकतो आणि पुन्हा पडतो.

दहा-बारा दिवसांपूर्वी एका गावात पडदा बांधताना माझ्या तळव्यात खिळा गेला होता. हळद-चुना लावला आणि विसरलो. कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस जबडा आखडला होता. मला वाटलं, दाढ. त्या दिवशी सकाळी पोळी चावता येईना म्हणून कमलनं दुधात कुस्करून दिली. मान धरली होती तर म्हटलं, उशी वाकडी झाली असेल. दुखणं अंगावर काढण्यात आम्ही नोकरदार माणसं पटाईत असतो.

मी शिडी घेऊन आलो, वळलो, पडलो. हाफिजभाईंनी पहिला ठोका दिला आणि त्या आवाजासरशी माझी पाठ आपोआप वर उचलली गेली. दुसऱ्या ठोक्याला आणखी वर. टाचा आणि डोकं जमिनीला, मधलं सगळं अंग हवेत. ओठ दोन्ही बाजूंना ओढले गेले आणि दात उघडे पडले. बघणाऱ्यांना वाटलं मी हसतो आहे. सगळं अंगण खदखदून हसलं. मोठे साहेब म्हणाले, "वाह, क्या कंट्रोल है!" टाळ्या पडायला लागल्या. प्रत्येक टाळीबरोबर मी आणखी ताणला जात होतो आणि मी ताणला जात होतो म्हणून ते आणखी टाळ्या देत होते. या आजारात शुद्ध जात नाही. मला सगळं ऐकू येत होतं. त्या सगळ्या आवाजात माझ्या सुमीचं हसणं मला वेगळं ओळखू येत होतं, कारण ती हसता हसता उचक्या देते.

हाफिजभाईंनी चौथा ठोका दिला. मी उठलो नाही. त्यांनी पाचवा दिला नाही. डबा खाली टाकून ते ओरडले, "बंद करो ताली! ये चार पे उठ जाते हैं. तीन साल से देख रहा हूँ, चार पे उठ जाते हैं!"

तरी लोक लगेच थांबले नाहीत. त्यांना वाटलं, हेही आयटममधलंच. शेवटी कमल उठून माझ्याजवळ आली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तोंड हसत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत कानांत जात होतं. मग ती ओरडली.

माझं निदान असं झालं. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला फक्त नाव दिलं.

काळी खोली

धनुर्वाताच्या रोग्याला अंधारात आणि शांततेत ठेवतात. उजेड, आवाज, धक्का, कशानंही झटका येतो. मला सरकारी दवाखान्याच्या टोकाच्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळं कापड, दारावर घोंगडी, माझ्या कानांत कापूस. इंजेक्शनांनी अर्धवट झोप यायची, पण ती खरी झोप नव्हती. मी डोळे मिटून जागा असायचो.

भीती मरणाची होतीच. पण त्याहून भयंकर माझं तोंड होतं. ते हसतच राहिलं. पहिल्या दिवसांत खोली पुसायला एक बाई आली. तिला कुणी सांगितलं नसावं. अंधाराला डोळे सरावल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, तीही हसली आणि जवळ वाकून म्हणाली, "क्या याद आ गया, बाबूजी?" मी हसतच राहिलो. ती थोडा वेळ थांबली. मग तिचं हसू हळूहळू उतरलं आणि ती बादली तिथेच टाकून गेली. नंतर तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड करून पुसायची.

मिटल्या डोळ्यांपुढे माझी चार रिळं चालायची. पण ती नीट चालेनात. माणूस पडायचा आणि उठायचा नाही. दुसरा यायचा, त्याच्यावर अडखळून पडायचा, तोही तिथेच. हवालदार पडायचा. पडलेल्यांचा ढीग व्हायचा आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळलेली असायची, माझ्यासारखीच ओढलेली. मी यंत्र बंद करायला हात उचलायचो आणि हात उचलला की झटका यायचा.

तिथल्या एका वयस्क सिस्टरचं ऋण मी कधी फेडू शकणार नाही. ती अनवाणी यायची. कुठलंही काम करण्याआधी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला अगदी हलकेच बोट लावायची आणि दहा आकडे मोजण्याइतकी थांबायची, म्हणजे माझ्या अंगाला कळायचं की आता कुणीतरी हात लावणार आहे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या कुणी केलंही नाही. तुमच्या रोग्याजवळ बसाल तेव्हा एवढं करून बघा.

भिंतीवरचे लोक

एका सकाळी डोळे उघडले तर समोरच्या भिंतीवर माणसं चालत होती. पाय वर, डोकी खाली. बोटभर उंचीची. त्यांच्यात एक टांगा गेला, चाकं वर करून. कुठलाही आवाज नव्हता. मला वाटलं, आपण गेलो. मेल्यावर इतकं दवाखान्यासारखं असेल असं वाटलं नव्हतं, एवढंच मनात आलं.

बऱ्याच वेळानं डोक्यातला प्रोजेक्टरवाला जागा झाला. खिडकीच्या फळीला कुठेतरी बारीक भोक होतं आणि काळं कापड तिथे फाटलं होतं. सकाळचं ऊन समोरच्या रस्त्यावर पडलं की रस्त्याचं चित्र त्या भोकातून भिंतीवर उलटं उमटायचं. मला कारण कळलं, पण त्यानं भीती गेली नाही. रोज सकाळी तास-दीड तास ते लोक यायचे आणि ऊन सरकलं की भिंतीत विरून जायचे. मी त्यांची वाट बघायला लागलो होतो. सिस्टरला कळलं असतं तर तिनं भोक बुजवलं असतं. सांगायला तोंड उघडत नव्हतं, आणि उघडत असतं तरी मी सांगितलं नसतं.

कारण त्यांच्यात दोन माणसं माझी होती. रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली कमल आणि सुमी रोज येऊन बसायच्या. आत सोडत नव्हते, तरी यायच्या. सुमीच्या वेण्यांच्या लाल फिती मला ओळखू यायच्या. माझी मुलगी बोटभर झाली होती आणि छताला लटकल्यासारखी उलटी बसून होती.

एके दिवशी एक माणूस डोक्यावर बाज घेऊन आला. कुणीतरी हाक मारली असावी. तो वळला आणि बाजेचा पाय मागून येणाऱ्या एका जाड्या गृहस्थांच्या टोपीला लागला. गृहस्थ टोपी धरायला मागे सरकले आणि टांग्याच्या घोड्यांसाठी पाण्याचा हौद होता त्यात जाऊन बसले. पाणी वरच्या दिशेनं पडताना दिसलं. बाजवाला काय झालं बघायला पुन्हा वळला आणि हौदातून उठणाऱ्या गृहस्थांना पुन्हा बाज लागली. माझ्या चार रिळांतही इतकं बेतशीर कुणी केलेलं नव्हतं. आणि लाल फिती हलत होत्या. सुमी हसत होती. तिचं हसणं मला ऐकू आलं नाही. कानांत कापूस होता, दारावर घोंगडी होती. मी फक्त पाहिलं. ते पाहून इतक्या दिवसांनी माझ्या पोटातून खरं हसू उमटलं.

त्या हसण्यानं मला धरलं. आजवरचा सगळ्यात मोठा झटका तो. छाती आवळली, श्वास थांबला. सिस्टर धावली, डॉक्टर धावले. मला परत आणायला त्यांना बराच वेळ लागला असं नंतर कळलं.

बाहेर काय झालं तेही नंतरच कळलं. कडुनिंबाखाली पोर मोठ्यानं हसली आणि दुसऱ्याच क्षणी आत धावाधाव सुरू झाली. कमलनं तिच्या तोंडावर हात दाबला आणि म्हणाली, "चुप! तू हसली म्हणून बाबांना झटका आला." घाबरलेल्या बाईच्या तोंडून निघालेलं एक वाक्य. मी तिला दोष देत नाही.

घर

साधारण महिन्यानं मला घरी सोडलं. निघताना सिस्टर म्हणाली, "अब डरने का नहीं. थाली बजाओ, ढोल बजाओ, कुछ नहीं होगा. बस पैर सँभाल के." कमल तेव्हा टांगा बघायला बाहेर गेली होती. हे मी एकट्यानं ऐकलं.

माधवनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत शिरलो आणि मला कळलं की इथेही काळी खोली करून ठेवली आहे. कमलनं हातातल्या बांगड्यांना चिंध्या गुंडाळल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. देवघरातल्या घंटीची जीभ काढून ठेवली होती. स्वयंपाकात फोडणी बंद होती, कारण मोहरी तडतडते. वरण, भाजी, सगळं पांढरं आणि मुकं. सुमी चवड्यांवर चालायची. दोघी एकमेकींशी हातांनी बोलायच्या. पाणी हवं की ओंजळ, जेवायला या की घास. महिन्याभरात त्यांची अख्खी भाषा तयार झाली होती. मी खाटेवर पडून बघायचो. मूकपटात राहायला आलो होतो मी, आणि त्यात कुणी हसत नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं की डॉक्टरांची आता मनाई नाही. मी नाही सांगितलं. आज सांगतो, उद्या सांगतो, करत राहिलो. खरं कारण असं की मला स्वतःला आवाजाची भीती बसली होती. शेजारी कुणाच्या हातून तांब्या पडला तरी मी खाटेच्या दोन्ही कडा धरून पाठ वर उचलली जाण्याची वाट बघायचो. ती उचलली जायची नाही. तरी मी वाट बघायचो. ही शांतता मला सोयीची होती आणि तिची किंमत कोण देतंय ते मी बघितलं नाही.

मग एका दुपारी सुमी अंगणातल्या पायऱ्यांवरून पडली. मी खिडकीतून पाहत होतो. चांगली तीन पायऱ्या गडगडली. गुडघा फुटून रक्त आलं. तिनं तोंड उघडलं, पूर्ण आ वासला, मान मागे गेली, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि आवाज आला नाही. तशीच बसून ती आवाज न काढता रडली. मग तिनं आवाज न काढता गुडघा धुतला. काळ्या खोलीत जे पाहिलं त्यातलं काहीही इतकं भयंकर नव्हतं.

मी तिला जवळ बोलावलं. विचारलं, "रडत का नाहीस ग?"

ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "मी हसले होते ना, तेव्हा तुम्हाला झटका आला. आई बोलली."

"तू हसलीस म्हणून नाही, बाळ. मीच हसलो होतो."

तिनं माझ्याकडे मोठ्या माणसासारखं पाहिलं. "तुम्ही आत होता. आत कशाला कोण हसेल?"

मी भिंतीवरच्या लोकांचं सांगितलं. उलटा टांगा, उलटी बाज, तिच्या लाल फिती. तिचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं, बाबा समजूत काढतात. पोरांना शब्दांवर सोडता येत नाही, त्यांना दाखवावं लागतं. आणि दाखवायचं म्हणजे तिला मोठ्यानं हसायला लावून आपण शांत बसून दाखवायचं. तेवढी माझी छाती नव्हती. मी म्हटलं, "बरं, झोप आता."

रजईखालचं यंत्र

यंत्र भोपाळला पाठवायची वेळ आली तेव्हा हाफिजभाई ते एका दुपारपुरतं घरी घेऊन आले. कमल घरी नव्हती. "साहब, बिटिया को दिखा दो एक बार. फिर पता नहीं किस दफ्तर में धूल खाएगा." दारं लावून, खिडकीला चादर बांधून आम्ही भिंतीवर रीळ लावलं. यंत्र सुरू झालं की ते घरघरतं. घरघर सुरू झाली आणि मी खाटेची कड धरली. हाफिजभाईंचं लक्ष नव्हतं, पण सुमीचं होतं. ती उठून आत गेली आणि आपली रजई घेऊन आली. यंत्राभोवती ती गुंडाळायला लागली.

"अरे बिटिया, गरम हो जाएगा, जल जाएगा," हाफिजभाई म्हणाले.

तिनं ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. हाफिजभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना म्हणू शकलो असतो, काढा ती रजई. मी म्हणालो, "भिंगापाशी आणि वरच्या जाळीपाशी जागा ठेवा, हवा जाऊ द्या."

भिंतीवर शिडीवाला वळला, बादलीवाला बसला, हवालदार घसरला. हाफिजभाई तीन वर्षांत हजारदा पाहिलेल्या गोष्टीला गदगदून हसत होते, आवाज दाबून. सुमीनं भिंतीकडे पाहिलंच नाही. भिंतीकडे तोंड करून बसायला हवी होती, ती खाटेशी बाजूला, माझ्याकडे तोंड करून बसली होती. ती माझी पाठ बघत होती. भिंतीवर कुणी पडलं की तिचे डोळे माझ्या पाठीवर यायचे आणि तिथेच थांबायचे. रीळ संपलं. जिन्यातून यंत्र उतरवताना हाफिजभाई मला म्हणाले, "साहब, आप ठीक हो गए. बच्ची बीमार है."

संक्रांतीआधी

संक्रांतीच्या दोन दिवस आधी कमल तीळ-गूळ आणायला फ्रीगंजच्या बाजारात गेली. परत आली तेव्हा मी खाटेवर बसून होतो आणि सुमी कोपऱ्यात पाटीवर काहीतरी काढत होती. कमलनं पिशवी ठेवली नाही. ती तशीच माझ्यासमोर उभी राहिली.

"मला सिस्टर भेटल्या," ती हळू आवाजात म्हणाली. सवयीनं हळू. "विचारत होत्या, मिस्टर कसे आहेत, घरात आता सगळं नॉर्मल ना. मी बोलले, हो, आम्ही अजून बिलकुल आवाज नाही करत. तर त्या बघतच राहिल्या. बोलल्या, मी तर त्यांना जाताना साफ सांगितलं होतं."

मी खाली बघितलं.

"सांगितलं होतं?"

"हो."

"कधी?"

"सोडलं त्या दिवशी."

मी आयुष्यात तिला ओरडताना ऐकलं होतं ते एकदाच, त्या अंगणात. ही दुसरी वेळ. आधी आवाज फुटेना तिचा, घसा विसरला होता. मग फुटला. "दोन महिने! अहो, दोन महिने मी बांगड्यांना चिंध्या बांधून फिरते! बायका विचारतात, काय झालं कमलताई, मी काय सांगू त्यांना? पोर माझी मुकी होऊन राहिली आणि तुम्ही चुपचाप बसून बघता! एक शब्द बोलता नाही आला तुम्हाला? एक?"

"मला भीती वाटत होती," मी म्हणालो.

"आणि मला नव्हती वाटत?" ती किंचाळली आणि जवळच्या चुलीपाशी पडलेलं पितळी पातेलं उचलून तिनं फरशीवर आपटलं.

पातेलं एकदा आदळून कलंडलं, पण त्याचं झाकण सुटलं आणि फरशीवर गरगर फिरायला लागलं. खणखणत, वाकडं होत, पुन्हा सावरत. कोपऱ्यातून सुमी आली. ती आईकडे गेली नाही. माझ्या मागे येऊन तिनं दोन्ही तळवे माझ्या पाठीवर ठेवले आणि सगळ्या अंगाचा जोर लावून माझी पाठ खाली दाबली, ती वर जाऊ नये म्हणून. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. मी खाटेच्या कडा धरल्या होत्या. आम्ही तिघंही झाकण थांबण्याची वाट बघत होतो. ते फिरत होतं, हळू होत होतं, अगदी जमिनीलगत येऊन थरथरत होतं. मग थांबलं.

मी बसलो होतो. माझी पाठ जिथे होती तिथेच होती.

सुमीनं हात काढले नाहीत. बराच वेळ काढले नाहीत. मग एक काढला, दुसरा काढला, ती पुढे आली आणि माझं तोंड बघितलं. तिनं जाऊन झाकण उचललं. माझ्याकडे बघत ते डोक्याइतकं वर धरलं आणि सोडून दिलं. खण्णकन वाजलं. मी दचकलो, हे कबूल करतो. पण दचकण्यापलीकडे काही झालं नाही. तिनं पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. कमल पातेल्याशेजारी फरशीवरच बसली होती, तोंडाला पदर लावून. तिनं पोरीला अडवलं नाही. चौथ्या वेळी मी खाटेच्या कडेवरून हात काढून मांडीवर ठेवले, दोन्ही, तिला दिसतील असे.

"हे बघ," मी मोठ्यानं म्हणालो. घरात आल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं. "तू हसलीस म्हणून काही झालं नव्हतं. आणि हे मी तुला नीट सांगायला हवं होतं. मी घाबरट आहे."

सुमीच्या हातातून झाकण पडलं, या वेळी तिनं सोडलं नव्हतं. तिचं तोंड उघडलं, पूर्ण आ वासला आणि एक क्षण मला वाटलं, पुन्हा तेच, पुन्हा आवाज नाही. मग आवाज आला. असं भोकाड पसरलं तिनं की खिडकीच्या काचा हलाव्यात. मी तिला जवळ घेतलं तर ती माझ्या छातीवर मुठी मारत ओरडत राहिली आणि मी तिला गप्प राहा म्हटलं नाही. कमलही रडत होती. मीही. कुणालाच थांबायचं नव्हतं.

शेजारच्या वर्मा भाभी हातातलं काम टाकून पळत आल्या. दोन महिन्यांत त्यांनी आमच्या घरातून एक आवाज ऐकला नव्हता. दाराशी थांबून त्यांनी कलंडलेलं पातेलं पाहिलं, आम्हा तिघांना पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. "हाय राम, क्या हो गया भाभी? भाईसाब को फिर से...?"

कमलनं पदरानं नाक पुसलं.

"कुछ नहीं हुआ," ती म्हणाली, पेढे वाटायला उभी असल्यासारखी. "हमारी सुमी रो रही है."